चार्जशीट आणि मेडिकल यांची एकच फाइल करू नका: मराठवाड्यातल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड इथले कारखानदार आणि त्यांच्याकडे एचआर, पर्सोनेल, टाइम ऑफिस सांभाळणारे सर्व सहकारी

सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री साडेनऊला एका मुलीचा फोन आला. मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या वर्षी ती माझ्याकडे ट्रेनी होती. आता वाळूजच्या एका कारखान्यात एकटीच एचआर बघते. म्हणाली, "सर, एका ऑपरेटरला चार्जशीट द्यायची होती. कागद तयार आहे, सही झालीय. आणि आज सकाळी त्याचं मेडिकल आलं. कंबरदुखी, पंधरा दिवस विश्रांती. मालक म्हणतात हे नाटक आहे. माणूस पाठवा, फोटो काढा, आणि परवापासून गेट बंद. मी काय करू?"

चार्जशीट म्हणजे कारखान्याने कामगाराला दिलेलं आरोपपत्र, मेडिकल म्हणजे आजारपणाच्या रजेसाठीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आणि गेट बंद म्हणजे कामावर आत न घेणं. तिला मी थांब म्हणालो. कारण सांगायला मात्र रात्री साडेनऊचा फोन पुरला नाही. तेच कारण आज सगळ्यांना लिहितो आहे. मी १९९० पासून ३१ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. आधी लातूरच्या एमआयडीसीत, मग वाळूजला. २००९ साली असाच एक माणूस मी स्वतः पाठवला होता आणि असाच फोटो मागवला होता.

तो प्रेस शॉपमधला ऑपरेटर होता. पैठण तालुक्यातलं गाव, रांजणगावात भाड्याची खोली. कामात ढिला, सुपरवायझरशी दोनदा वाजलं, दोन वॉर्निंग लेटर, मग शो-कॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस. त्याला काढायचं हे वर ठरलं होतं आणि ते शॉपवर सगळ्यांना माहीत होतं. शो-कॉज दिल्यावर चौथ्या दिवशी विमा दवाखान्याचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या (ईएसआय) दवाखान्याचं, सर्टिफिकेट आलं, पाठदुखी, सात दिवस. मग आणखी सात. मग परत सात. दिवाळी तोंडावर, गावाकडे सोयाबीनची मळणी चालू. शॉपवर प्रत्येक जण सांगत होता की गडी मजेत मळणी करतोय. मी आमच्या सिक्युरिटीच्या हवालदाराला मोटरसायकल दिली, पेट्रोलचे पैसे दिले आणि गावाला धाडलं. त्याने बांधावरून मोबाइलवर फोटो काढला. फोटोत ट्रॅक्टर, मळणी यंत्र, उडणारा भुसा आणि चाकाजवळ हा उभा, एक हात मडगार्डवर. फोटो पाहून मालक म्हणाले, झालं काम.

आणि खरंच नऊ दिवसांत काम झालं. आजारी रजेवर असताना शेतात काम केलं हा आरोप शो-कॉजच्या आरोपांना जोडला. चौकशीची नोटीस रांजणगावच्या खोलीवर रजिस्टर पोस्टाने पाठवली. तो गावी आहे याचा फोटो माझ्याच टेबलावर होता, तरी नोटीस खोलीवर पाठवली. ती 'घर बंद' शेरा घेऊन परत आली. आम्ही ती नोटीस बोर्डावर लावली, एकतर्फी चौकशी केली आणि बडतर्फीचं पत्र काढलं.

केस लेबर कोर्टात सहा वर्षं चालली. माझ्या उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी तोच फोटो माझ्या हातात दिला आणि विचारलं, "साहेब, शर्टाखाली काय दिसतंय ते कोर्टाला सांगा." तो फोटो मी किमान पन्नास वेळा पाहिला असेल. हात मडगार्डवर ठेवायला वर गेल्यामुळे त्याचा शर्ट उचलला गेला होता आणि खाली वीतभर रुंदीचा कातडी रंगाचा पट्टा दिसत होता. कमरेचा, वेलक्रोचा, हाडाचे डॉक्टर देतात तसला. तो मडगार्डला धरून यंत्र चालवत नव्हता, उभं राहता यावं म्हणून धरून होता. मळणी भावाची होती, हा फक्त पोती मोजत होता. पुढे एमआरआयमध्ये मणक्याची चकती सरकलेली निघाली. आम्ही बडतर्फीचं पत्र काढलं त्या दिवशी तो विम्याचा आजारपणाचा लाभ घेत होता. त्या काळात कामगाराला बडतर्फ करायला, कमी करायला किंवा दुसरी शिक्षा द्यायला १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं कलम ७३ मनाई करत होतं, आणि तशी नोटीस दिली तरी ती लागू होत नसे. ते कलम मी तोपर्यंत उघडून पाहिलं नव्हतं. माझी नोकरीच हे कायदे वाचण्याची होती.

कामावर परत घ्या, अर्धा मागचा पगार द्या, असा निकाल लागला. मग तडजोड होऊन एकरकमी पैसे दिले गेले. पण मला निकालाच्या दिवसापेक्षा बडतर्फीनंतरचा आठवडा जास्त आठवतो. त्याची आई गेटवर आली होती. मला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "सायब, लेकराला धड बसता येईना, अन् तुमी फोटू काढून नेला व्हय?" मी तिला कोर्टात जा म्हणालो आणि आत आलो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. माणसाला काढायची फाइल वेगळी ठेवा आणि त्याच्या आजारपणाची फाइल वेगळी ठेवा. एका फाइलचा राग दुसऱ्या फाइलवर काढू नका आणि एका फाइलमधली भोकं दुसरीतल्या कागदांनी बुजवू नका. त्या ऑपरेटरवर मूळ आरोप होते ते कामाचे होते. कमी उत्पादन, वरिष्ठाशी अरेरावी. ते आम्ही नीट चालवले असते तर कदाचित टिकलेही असते. आम्ही आजारपणाचा आरोप त्यात घुसवला आणि चांगली केस स्वतःच्या हाताने नासवली.

"चार्जशीट दिली की ताप येतो" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक शॉपवर ऐकू येतं. मीही कितीदा म्हटलंय. त्यात खोटं काही नाही, ताप येतो. पण तो कशामुळे येतो याचा विचार आपण अर्ध्यावर सोडतो. बजाजनगरातल्या दोन खोल्यांचं भाडं, बायकोचे बचत गटाचे हप्ते, मोटरसायकलचा हप्ता, इंग्रजी शाळेची फी, गावाकडे आईचं औषध, हे सगळं एका पगारावर चालणाऱ्या माणसाच्या हातात तुम्ही कागद ठेवता की तुझी नोकरी जाऊ शकते. त्याची झोप उडते. जेवण जात नाही. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, जुनं दुखणं डोकं वर काढतं. शो-कॉज हातात घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसच्या बाकावर घामाघूम होऊन बसलेला एक जुना फिटर मी पाहिलाय. त्याला आम्ही उचलून गाडीत घातलं आणि घाटी रुग्णालयात नेलं. तोच माणूस त्या दिवशी घरी राहिला असता आणि घरून सर्टिफिकेट पाठवलं असतं, तर मी त्याला खोटा म्हटलं असतं. दोष तारखांच्या मेळाचा. तारखा जुळल्या म्हणून चौकशी करावीशी वाटणं रास्त आहे. पण तारखा जुळणं हा पुरावा धरता येत नाही.

तुमची बाजू मला कळते. तीस माणसांचा कारखाना, त्यातला सीएनसी मशीन चालवणारा एक जण पंधरा दिवस गायब, आणि वरच्या कंपनीला रोज सकाळी माल हवाच. मालक स्वतः रात्री मशीनवर उभा राहिलेला मी पाहिलाय. शिवाय खोट्या आजारपणाचा पहिला मार मालकाला बसतच नाही, तो शेजारच्या मशीनवाल्याला बसतो. त्याला सलग डबल ड्यूटी लागते आणि त्याचीच खरी रजा नाकारली जाते. जे कामगार पुढारी "आपला माणूस" म्हणून खोटं मेडिकल पाठीशी घालतात, त्यांनी या दुसऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बघावं. खोटं सर्टिफिकेट ही चोरी आहे आणि ती पकडलीच पाहिजे. माझं भांडण पकडण्याच्या पद्धतीशी आहे.

लातूरला असताना आम्ही एक खरी लबाडी पकडली, तीही सांगतो.

२००४ साल. तेलाच्या कारखान्यातला स्टोअरकीपर, रिकाम्या ड्रमच्या हिशेबात मोठी तूट. चार्जशीट दिली तशी त्याने मेडिकल टाकली. तो विम्याच्या पगारमर्यादेच्या वरचा, त्यामुळे खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट. पहिलं दहा दिवसांचं, दुसरं पंधरा, तिसरं पंधरा. तिन्ही एकाच तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या पॅडवर. तिसऱ्यावर तपासणीची तारीख होती वेळ अमावस्येची, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाची, आणि वेळ सकाळी अकरा. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला त्यात काय खटकलं ते सांगायला नको. त्या दिवशी गल्ल्या ओस पडतात, डॉक्टर, वकील, मास्तर सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात कोपीजवळ भज्जी-आंबिलाला बसलेले असतात. आमच्या कचेरीत सगळे हसले आणि म्हणाले, सापडला. मीही मनातून तेच म्हणालो. पण आमच्या तेव्हाच्या वकिलांनी मला रोखलं. डॉक्टर सणालाही पेशंट बघतात, आणि सणावरून माणूस बडतर्फ होत नाही, म्हणाले.

त्यांनी मला डॉक्टरांना पत्र लिहायला लावलं आणि काय लिहायचं नाही ते आधी सांगितलं. आजार काय, औषध काय, हे विचारायचं नाही, तो कारखान्याचा विषय नव्हे. एवढंच विचारायचं की सोबतच्या तीन झेरॉक्स आपण दिलेल्या सर्टिफिकेटच्या आहेत का, आणि आपल्या रजिस्टरला त्यांची नोंद आहे का. डॉक्टरांनी असं रजिस्टर ठेवायचं असतं हे मला तेव्हा कळलं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद हवी, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरची किमान एक ओळखखूण हवी, आणि प्रत जपून ठेवायला हवी. खोटं सर्टिफिकेट देणं हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा आहे.

बारा दिवसांनी उत्तर आलं. पहिलं सर्टिफिकेट त्यांचं होतं. माणसाला खरंच टायफॉइड झाला होता. दुसरी दोन त्यांच्या हातची नव्हती, पॅडची पानं कुणीतरी फाडून नेली होती. डॉक्टर चौकशीत अर्धा तास येऊन बसले आणि रजिस्टर उघडून दाखवलं. पहिल्या नोंदीपुढे सही होती, उजव्या गालावर तीळ अशी खूण होती, आणि पुढच्या दोन तारखांना त्या नावाने काहीच नव्हतं.

आम्ही वेळ अमावस्येवर विसंबून तिन्ही सर्टिफिकेटं खोटी ठरवली असती तर टायफॉइड झालेल्या माणसाला खोटारडा म्हटलं असतं, आणि कोर्टात त्या एका खऱ्या कागदाने बाकीचे दोन खोटे कागद धुऊन निघाले असते. आम्ही पहिले दहा दिवस मान्य केले. उरलेल्या दोन कागदांसाठी वेगळी चार्जशीट दिली. ड्रमच्या चौकशीची तारीख तीनदा पुढे ढकलली, प्रत्येक वेळी कारण लिहून, घरच्या दोन्ही पत्त्यांवर कळवून. चौथ्यांदा तो आला. मालक अडीच महिने माझ्यावर चिडून होते, पर्सोनेल ऑफिसर कशाला ठेवलाय म्हणत होते. पण तो निर्णय कोर्टात हलला नाही.

त्या वेळी शिकलेली एक गोष्ट पुढे पाच वर्षांनी वाळूजला मीच विसरलो, याची मला आजही लाज वाटते. कामावर यायला अनफिट असणं वेगळं आणि चौकशीला बसायला अनफिट असणं वेगळं. कंबर दुखणारा माणूस प्रेसवर आठ तास उभा राहू शकत नाही, पण खुर्चीत तासभर बसून प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. टीबीची औषधं नुकती सुरू झालेला माणूस दोन्हीला येऊ शकणार नाही. नैराश्याने घेरलेला माणूस वरून धडधाकट दिसेल, पण आरोपांचा कागद वाचून समजून घेण्याची ताकद त्याच्यात त्या महिन्यात नसेल. हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. त्याला लेखी विचारा की चौकशीला हजर राहता येईल का, नसेल तर डॉक्टरांकडून तेवढंच लिहून आणा, आणि किती दिवसांनी येता येईल तेही. गावाजवळच्या ठिकाणी घेऊ का, सोबत सहकारी आणायचा आहे का, लेखी उत्तर द्यायचं आहे का, हे विचारा. यातली प्रत्येक चिठ्ठी फाइलला लावा. आजारी माणसाला त्यातून खरा अवकाश मिळतो. आणि जो टाळतो आहे त्याचं टाळणं त्याच्याच सहीने कागदावर येतं. मग एकतर्फी चौकशी करायची वेळ आली तरी कुणी तुम्हाला घाई केली म्हणू शकणार नाही. १९७१ च्या महाराष्ट्रातल्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात बडतर्फीतली अवाजवी घाई हा शब्दच आहे, आणि माझे ते नऊ दिवस त्यात नेमके बसले होते.

विम्याखालच्या कामगाराच्या बाबतीत तर मोटरसायकलवर माणूस पाठवायची गरजच नाही. आजारपणाचा लाभ घेणाऱ्याने विमा दवाखान्याच्या उपचाराखाली राहायचं, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परगावी जायचं नाही आणि बोलावलं तर तपासणीला यायचं, अशा अटी योजनेतच घातलेल्या आहेत. संशय असेल तर कारणं देऊन विमा कचेरीला लिहा, मेडिकल रेफरीकडून त्याची पुन्हा तपासणी होऊ शकते. तो डॉक्टर असतो आणि त्याला तुमच्या प्रॉडक्शनशी देणंघेणं नसतं, म्हणून त्याचा शब्द कोर्टात टिकतो. आमच्या हवालदाराचा टिकला नाही.

आणि "विम्याची मेडिकल म्हणजे फुकटची सुट्टी" हेही डोक्यातून काढा. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के मिळतो, तोही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि आजाराचे पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. मेडिकलवर बसलेला माणूस दर दिवशी तीस टक्के गमावतो. काहींना तेही परवडतं, कारण गावी शेत असतं. पण बहुतेकांना परवडत नाही.

गेट बंद करून "दहा दिवस गैरहजर, नाव कमी केलं" असं परस्पर करण्याचा मार्ग तर कोर्टाने केव्हाच बंद केलाय. डी. के. यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितलं की स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमावलीत, आपोआप नाव कमी होण्याची तरतूद असली तरी माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती वापरता येणार नाही. त्या कामगाराला अर्ध्या मागच्या पगारासह परत घ्यावं लागलं. २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे दाखवावं लागेल. आजारपण, अपघात, रुग्णालयात भरती अशा कारणांनी माणूस येऊ शकला नसेल तर ते गैरवर्तन होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले, स्थायी आदेश आता तीनशे आणि त्यावरच्या कामगारसंख्येला सक्तीचे झाले. म्हणून लहान कारखान्याला रान मोकळं झालं असं कुणी समजू नये. म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व कामगारसंख्या बघून लागू होत नाही. पत्र काढण्याआधी चालू तरतूद वकिलांना दाखवा, एवढंच.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि एचआरकडून सुपरवायझरांच्या ग्रुपवर जातं. तिथून शॉपच्या ग्रुपवर. एका मुलाच्या मानसोपचाराची चिठ्ठी मी अशी चहाच्या टपरीवर चर्चेत ऐकली आहे. त्या मुलाने पुन्हा कधीही खरं कारण लिहून दिलं नाही, नेहमी "व्हायरल फीवर" लिहून आणलं. खोटी सर्टिफिकेटं कशी तयार होतात असं विचारता ना, त्यातली कितीतरी अशी तयार होतात. आजाराचं नाव टाइम ऑफिसच्या पुढे जाता कामा नये. सुपरवायझरला एवढंच कळू द्या की माणूस अमुक तारखेपर्यंत येणार नाही.

डॉक्टर मंडळींनाही हात जोडून विनंती आहे. ओळखीपाळखीत, "दोन दिवस मागची तारीख टाका" म्हटल्यावर टाकून देऊ नका. तुमच्या त्या एका सहीमुळे पुढच्या खऱ्या रुग्णाच्या कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही.

हे सगळं पर्मनंट माणसाबद्दल झालं. कंत्राटी कामगाराला कुणी चार्जशीट देत नाही आणि त्याचं मेडिकलही कुणी बघत नाही. तापात दोन दिवस घरी बसला की कंत्राटदाराचा निरोप येतो, उद्यापासून येऊ नकोस. आपल्याच मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी हे टोकाला भोगलं आहे. आजारपणात एक दिवस कोयता थांबला की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेतून, कापणार. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये आणि रोजची दुखणी संपावीत म्हणून बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायांनी ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकले. २०१९ साली ते सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कारखान्याच्या एसी केबिनमधून उसाच्या फडातली कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, लांब वाटते. पण दुखणं सांगितलं तर पैसे जातील आणि विश्वास कुणी ठेवणार नाही, ही भीती दोन्हीकडे तीच आहे. माझ्या आजोळी गेवराई तालुक्यात अशा दोन बाया मी जवळून ओळखतो, आणि कुणी "हे लोक नाटकं करतात" म्हटलं की मला आधी त्या आठवतात.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत फोन केला आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. मालकांशीही बोललो. ते ऐकून घेतील असं वाटलं नव्हतं, पण त्या फोटोतल्या पट्ट्याची गोष्ट सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं करू.

कुणाला गावी पाठवलं नाही. गेट बंद केलं नाही. चार्जशीट थांबवली नाही, ती खोलीवर आणि गावच्या पत्त्यावर पाठवली, उत्तराला पंधरा दिवस दिले. सोबत वेगळं पत्र, की तुमची रजा मिळाली आहे, विमा दवाखान्याचं सर्टिफिकेट वेळेवर पाठवत राहा, आणि चौकशीला बसता येईल का ते कळवा. काल तिचा मेसेज आला. त्याने उत्तर दिलंय, आरोप नाकारलेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कळवलंय की तासभर बसू शकेन, पण पाठ टेकायला काहीतरी लागेल. पहिली तारीख येत्या गुरुवारची आहे. कॉन्फरन्स रूममधली स्टुलं काढून तिने टाइम ऑफिसमधली हाताची, उंच पाठीची खुर्ची तिथे नेऊन ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त पर्सोनेल ऑफिसर
सिडको, छत्रपती संभाजीनगर